दुसऱ्या रेघेचा पेला

मित्रांनो, संग्रहालयातल्या या काचेच्या कपाटात खुंटीला टांगलेला जुना पेला म्हणजे मी. माझ्या अंगावर मापाच्या पाच रेघा आहेत आणि खाली एक चिठ्ठी आहे : 'सदोष माप'. ती चिठ्ठी खोटी आहे.

आमच्या रोशव्हीव्ह गावात लोक झऱ्यांचं औषधी पाणी प्यायला येत. इथले हौद रोमन लोकांनी बांधले, पुढे राण्या डुंबून गेल्या, मग वसाहतींत यकृत नासवून परतलेले अंमलदार आले. संध्याकाळी बँड आणि जुगारघर, पण सकाळी सगळे शहाण्यासारखे रांगेत उभे. उपचार एकवीस दिवसांचा. प्रत्येकाचा पेला वेगळा, वेताच्या जाळीत घातलेला. कितव्या रेघेपर्यंत पाणी द्यायचं ते डॉक्टर लिहून देत आणि पाणीवाली तेवढंच ओतत असे.

माझे मालक ओग्युस्त वेर्दिए शिक्षक होते. त्यांचं हृदय थकलं होतं, पाय सुजले होते. जास्त पाण्याचा भार त्या हृदयाला झेपला नसता, म्हणून त्यांना दुसरीच रेघ सांगितली होती. मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं आणि चर्चमध्ये तिचा हात धरून चालत जायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. मधेच तापाने चार दिवस अंथरुणात गेले. उठल्यावर त्यांनी चुकलेले पेले भरून काढायचा हट्ट धरला. हे खूळ इथे येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात शिरतंच.

पाणीवाली लेओन्तीन दोन दिवस नाही म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बाई, पाणीच मागतोय, दारू नाही. नाहीतर पोरीच्या लग्नात मला खुर्चीतून उचलून नेतील."

"कुणाला सांगू नका हं, साहेब," म्हणत तिने मला काठोकाठ भरलं. त्या सकाळी तीनदा, दुसऱ्या दिवशीही तीनदा.

त्याच दुपारी ते बँडच्या चौथऱ्याजवळ कोसळले. मला वेताच्या जाळीने वाचवलं, त्यांना कुणी वाचवू शकलं नाही.

पाणी जास्त झालं हे डॉक्टरांनी ओळखलं. किती दिलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा लेओन्तीन म्हणाली, "दुसऱ्या रेघेपर्यंतच दिलं." मग माझ्याच रेघा चुकल्या असणार, असं ठरलं. पाणी ओतून कुणी मोजलं नाही.

महिन्याभराने त्यांची मुलगी तेरेज काळ्या कपड्यांत आली. मला हातात घेऊन म्हणाली, "याच्यामुळे बाबा गेले. फोडत का नाही तुम्ही?"

लेओन्तीनचे ओठ हलले. आता बोलेल, असं मला वाटलं. ती म्हणाली, "राहू दे, पोरी. मी सांभाळते."

तिने सांभाळलंही. तीस वर्षं रोज सकाळी मला धुऊन पुसून ठेवलं, पण पाण्याचा थेंब घातला नाही. तिचा मला फार राग येई. पण पुसताना ती दुसऱ्या रेघेवर बोट ठेवून थांबे, म्हणून तो पुरता टिकत नसे. शेवटी खरं काय ते पोटात ठेवूनच ती गेली.

मित्रांनो, वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला घरी सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. आपल्या चुकीचं खापर मुक्या वस्तूवर फोडू नका. तेरेज आता म्हातारी झाली आहे. दर उन्हाळ्यात ती या कपाटासमोर येते आणि माझ्याकडे बघून तोंड फिरवते. किल्ली पहारेकऱ्याकडे आहे. यंदा ती यायच्या आत कुणीतरी मला बाहेर काढा, दुसऱ्या रेघेपर्यंत पाणी ओता आणि एकदा मोजून बघा.