मनगटाखालचे रंग

डाव्या हाताने उजवा हात उचलून तिने डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला, दुसऱ्याची काचेची वस्तू ठेवावी तसा.

"रंग बदलतो म्हणालात. कधी?"

"रोज. कधी जांभळा, कधी लालभडक. आणि आज बघा, मेला कसा शहाण्यासारखा बसलाय!"

आठ महिन्यांपूर्वी बाइंडिंगच्या कारखान्यात स्टुलावरून पडून तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, दुखणं मात्र वाढतच गेलं. चादर घासली तरी हाताची आग व्हायची. पुस्तकं शिवायची सुई तर धरवतच नव्हती. तीन डॉक्टर झाले. एकाने एक्स-रे उजेडात धरून हाडाचं कौतुक केलं, दुसऱ्याने झोपेच्या गोळ्या दिल्या, तिसऱ्याने मन रमवायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "काम नको असलं की हात दुखतो."

नवरा काहीच म्हणाला नव्हता. तो घरं रंगवायचा, मुळातच अबोल. पण त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ तिने लावून टाकला होता. हल्ली तो पलंगाच्या अगदी कडेला, पाठ करून निजायचा.

आताही तो दाराशीच उभा होता.

"फोटो आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"कुणाला दाखवायला काढायचे?"

नवरा खाकरला. खिशातून घडी घातलेलं शेडकार्ड काढून त्याने टेबलावर ठेवलं.

"फोटोत रंग खरा येत नाही," तो चोरी पकडली गेल्यासारखा म्हणाला.

रंगांच्या चौकोनांखाली पेन्सिलीची बारीक अक्षरं होती. जांभळ्याखाली तारीख आणि 'आंघोळीनंतर, बोटं'. निळसर राखाडीखाली 'सकाळी. गार पडला म्हणाली'. विटकरीखाली 'सुई धरून पाहिली. अर्धा तास असाच'. एका फिकट चौकोनाखाली नुसतंच, 'डावा. रोज हाच'.

तिने ते वाचलं आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात शेजारी ठेवून ऊब, घाम, सूज पाहिली. कापसाचा बोळा नुसता टेकवला, तशी ती कळवळली.

"हे मनाचं नाही," त्या म्हणाल्या. "हाड बरं झालं, पण नसांना ते कळलेलंच नाही. त्या अजून बोंब मारतायत. रंग बदलतो तो त्यामुळेच. आजाराला नाव आहे." त्यांनी ते लांबलचक नाव कागदावर लिहिलं. "एका तपासणीत हा पकडता येत नाही, म्हणून निसटतो. दुसरं काही नाही ना, तेवढं रक्त तपासून बघू. पूर्ण बरा होईल असा शब्द देत नाही, पण सुधारेल. औषध, व्यायाम, आणि रोज स्पर्शाची सवय. आधी कापूस, मग कापड. घरच्यांनी केलं तरी चालेल."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"मला वाटलं, तुम्हालाही खोटंच वाटतंय."

त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

"मग लांब का निजायचात?"

"झोपेत धक्का लागला असता."

ती सरकून जवळ बसली, डॉक्टरीणबाईंनी दिलेला कापूस पिशवीतून काढून त्याच्यासमोर धरला आणि उजवा हात मांडीवर उघडा ठेवला.

त्याने तळवे पँटला पुसले. पुन्हा पुसले.

"दुखलं तर सांग."

"दुखणारच आहे," ती म्हणाली. "तुम्ही सुरू करा."