टाकीला लावलेलं सील

मापसाहेबांनी नोकरीत माणसांवर कधी विश्वास ठेवला नाही, ठेवला तो भांड्यांवर. वजनमापे खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक. दुकानातले तराजू, दुधाची मापं, पेट्रोलपंप, सगळं तपासायचं आणि बरोबर निघालं की तारेत शिशाची गोळी ओवून चिमट्याने दाबायची, म्हणजे सील झालं. दुकानदार गोड बोलतो, शपथा घेतो, मुलाबाळांची आण वाहतो. पितळेचं पाच लिटरचं माप काही बोलत नाही आणि पाच लिटरच घेतं. निवृत्त झाले त्या दिवशी खात्याने घड्याळ भेट दिलं, तर यांनी ते सगळ्यांच्या देखत हातातल्या घड्याळाशी ताडून पाहिलं. घरी येताना एक जुनं पितळी माप आणि बाद झालेला सीलचा चिमटा आठवण म्हणून मागून आणला. बायको म्हणाली, आता या वयात घरातल्या वाट्या तपासू नका म्हणजे झालं.

वाट्या वाचल्या. सापडला तो सख्खा धाकटा भाऊ.

झालं ते असं. मापसाहेबांनी एक वापरलेली हायब्रीड गाडी घेतली होती, थोडी बॅटरीवर आणि थोडी पेट्रोलवर चालणारी. धाकट्याचं चष्मे दुरुस्तीचं छोटं दुकान. त्याच्या बायकोचं, म्हणजे घरात सगळे जिला धाकटीच म्हणत तिचं, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शनिवारी, व्यायामासाठी इस्पितळात न्यायचं होतं. डॉक्टरांनी बजावलं होतं की हे तीन महिनेच महत्त्वाचे. आत्ता गुडघा वाकवून घेतला तर वाकेल, नाहीतर आखडेल तो आखडेल. मापसाहेबांनी आपणहून किल्ली पुढे केली. धाकट्याने फुकट वापरायची नाही म्हणून दर शनिवारी टाकी फुल करून द्यायचं कबूल केलं.

पहिला महिना सगळं छान चाललं. मग थंडी पडली आणि मापसाहेबांच्या वहीत गडबड सुरू झाली. वही होतीच, वहीशिवाय ते गाडीत बसत नसत. एका टाकीत सातशे किलोमीटर जाणारी गाडी साडेचारशेतच लाल दिवा दाखवायला लागली. शनिवारी काटा फुलवर, बुधवारी बघावं तर झरझर खाली. मधे काय येतो? मंगळवार. मंगळवारी गाडी दोन तास इस्पितळाच्या आवारात उभी असते, आणि किल्ली कुणाकडे असते? माहितीपत्रकात टाकी पंचेचाळीस लिटरची लिहिली होती. टाकी काही लहान होत नाही. म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय.

विचारून टाकायचं ना सरळ! पण नाही. चौतीस वर्षं ज्याने कुणाला विचारलं नाही, नुसतं तपासलं, तो भावाला काय विचारणार?

एका मंगळवारी रस्त्यावर दव गोठलं होतं म्हणून मापसाहेब स्वतः गाडी घेऊन धाकट्याच्या दारात गेले. धाकटीला दोघांनी धरून मागच्या सीटवर बसवलं. धाकटा तिची फाईल विसरला म्हणून आत गेला. तेवढ्यात मापसाहेब गाडीच्या मागच्या बाजूला आले, टाकीचं दार उघडून झाकणाच्या कडीतून तार ओवली, शिशाची गोळी बसवली आणि कोटाच्या खिशातून चिमटा काढून दाबली. हात थंडीने गारठले होते तरी काम सफाईदार झालं. चौतीस वर्षांची सवय. धाकटा बाहेर आला तशी त्याच्या हातात किल्ली देऊन ते पायीच घरी परतले.

संध्याकाळी धाकटा किल्ली द्यायला आला. नेहमी बसायचा, इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा. त्या दिवशी उंबऱ्यावरूनच म्हणाला, "गाडी लावलीय, दादा. आता नको लागणार." मापसाहेब खाली जाऊन बघतात तर सील जसंच्या तसं. काटा मात्र घसरलेलाच. आता इथे कुणाही शहाण्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला असता. मापसाहेबांच्या मनात आलं ते असं: चष्म्याचे केसाएवढे स्क्रू फिरवणारी बोटं आहेत ती, त्यांना सील काय जड? हा विचार आला आणि त्यांना तो पटलासुद्धा. पुढे महिनोन् महिने त्यांना सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच विचाराची.

धाकटीला मग बसने न्यायला लागले. दोन बस बदलायच्या, कुबड्या सांभाळायच्या. तिसऱ्या आठवड्यात ती बसच्या पायरीवरून घसरली. फार लागलं नाही, पण धीर सुटला. शनिवार बंद झाला, मग मंगळवारही. हे सगळं मापसाहेबांना बायकोकडून कळत होतं. ती विचारायची, गाडी दारात उभी असताना हे लोक बसने का जातात? मापसाहेब कानावर हात ठेवायचे. त्यांचं त्यांना माहीत, म्हणायचे.

आणि मग पेट्रोल भरायची पाळी स्वतःवर आली. लाल दिवा लागलेला, टाकी रिकामी, बाहेर कडाक्याची थंडी. मापसाहेबांनी आपलंच सील तोडून दिलं, पंपावरच्या बाईने नळी लावली आणि सत्तावीस लिटरला खट् करून नळी बंद पडली. पुन्हा दाबली, पुन्हा खट्. मापसाहेब कडाडले. घरी जाऊन पितळी माप घेऊन आले, रांगेतल्या लोकांना थांबवलं आणि पंपाचे पाच लिटर मोजून घेतले. थेंबाचाही फरक नव्हता. पंप बरोबर होता. किल्ली तर महिनाभर त्यांच्याच खिशात होती.

कळलं. त्याच मिनिटाला कळलं. कारण कळलं नाही, पण धाकट्याचा यात काही संबंध नाही एवढं स्वच्छ कळलं. माप हातात घेऊन ते पंपावर उभे राहिले, मागचा हॉर्न वाजवत होता तरी. त्या दिवशी तिथूनच धाकट्याच्या दुकानात गेले असते तर निदान एक महिना वाचला असता. गेले नाहीत. जीभ रेटेना. आधी कारण शोधू, मग सांगू, असं स्वतःला समजावत त्यांनी आणखी एक महिना घालवला. कारणाची गरज धाकट्याला नव्हती, यांना होती.

गॅरेजवाली मेकॅनिक बाई पन्नाशीची, हात कोपरापर्यंत ऑइलने काळे. तिने ऐकून घेतलं आणि हसली. म्हणाली, "साहेब, या मॉडेलची टाकी म्हणजे डबा नाही. आत रबराची पिशवी असते. उन्हाळ्यात सैल पडते, थंडीत आखडते. आखडली की सत्तावीस-अठ्ठावीसवरच भरली म्हणते. काटा बिचारा काय करणार, पिशवी भरली की तो फुल दाखवतो."

"म्हणजे भांडंच लहानमोठं होतं?"

"होतं ना. कुणावर संशय नाही ना घेतलात? मागच्या थंडीत एकाने यावरून ड्रायव्हर काढला होता."

"छे," मापसाहेब म्हणाले. खोटं माप दाखवणाऱ्या दुकानदारांना त्यांनी आयुष्यभर चेहऱ्यावरून ओळखलं होतं. मेकॅनिक बाईनेही यांना ओळखलं असावं, कारण विषय तिथेच सोडून ती गाडीखाली सरकली.

तिथून मात्र ते तडक दुकानात गेले. धाकटा डोळ्याला भिंग लावून एका चष्म्याची काडी बसवत होता. मापसाहेबांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: रबराची पिशवी, पंप, एक महिन्याचं गप्प बसणं, आणि त्या बोटांबद्दल मनात आलेलं तेसुद्धा. धाकट्याने भिंग काढलं नाही. काडी बसवून होईपर्यंत तो ऐकत राहिला.

"पेट्रोलचं मी कधीच विसरलो असतो," तो शेवटी म्हणाला. "पण दादा, तू सील लावलंस तेव्हा ती गाडीत बसली होती. बाजूच्या आरशात तिने सगळं पाहिलं. चिमटासुद्धा. मला तिनेच सांगितलं. त्या गाडीत परत बसणार नाही म्हणाली, ती तीच. मी नाही."

ती मागे बसलेली होती हे त्यांना तेव्हाही माहीत होतं की! त्यांनीच तर तिला बसवलं होतं. फक्त भाऊ आत गेलाय ना एवढंच बघितलं होतं. ती बघत असेल, तिला काही वाटेल, हे त्यांच्या हिशेबातच नव्हतं.

"माझी माफी काय मागतोस?" धाकटा म्हणाला. "तिच्याकडे जा."

धाकट्याचं घर तळमजल्यावर होतं, रस्त्यापासून तीन पायऱ्या. मापसाहेबांनी बेल वाजवली. आतून वॉकर टेकल्याचा आवाज आला, मग पाय ओढल्याचा, मग पुन्हा वॉकर. खोली केवढीशी, त्यांना माहीत होती. दारापर्यंत सात-आठ पावलं. ती सतरा झाली. सवयीने मोजली गेली, आणि मोजल्याचाही त्यांना राग आला.

दार उघडलं. धाकटी वाळली होती. उजवा पाय काठीसारखा सरळ पुढे धरून उभी होती.

"मी चुकलो," मापसाहेब म्हणाले. "तुझ्या देखत तुझ्या नवऱ्याला चोर ठरवला. तो चोर नव्हता. टाकीचा दोष होता, आणि टाकीपेक्षा माझा." मग खिशातून किल्ली काढली. "उद्या मंगळवार आहे. मी स्वतः नेतो. दर मंगळवारी, दर शनिवारी, सांगशील तितके महिने."

धाकटीने किल्लीकडे पाहिलं. तिला राग आलेला दिसत नव्हता, आला असता तर बरं झालं असतं.

"मी आले असते, भाऊजी," ती म्हणाली. "खरंच आले असते. पण आता गाडीत बसता येत नाही. पाय दुमडत नाही."

त्यांना सुचलं ते एवढंच की पुढची सीट पार पुढे सरकवली तर, नाहीतर काढूनच टाकली तर, मागे पाय लांब सोडून बसता येईल. ते तसं म्हणाले. ती म्हणाली, बघा. नक्की हो म्हणाली नाही, नाही असंही नाही, आणि दार हळूच लावून घेतलं.

मापसाहेब गाडीपाशी आले. पुढची सीट रेटून शेवटपर्यंत पुढे सरकवली, तिची पाठ वाकवली, मागच्या सीटवर स्वतः आडवे बसून पाहिलं. टेप काढून मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटपर्यंत अंतर मोजलं आणि वहीत लिहिलं. मग वही हातात तशीच राहिली. जागा कळली होती, पण पाय किती लांब आहे आणि किती वाकतो ते कुठे माहीत होतं? इतक्या महिन्यांत त्यांनी ते एकदाही विचारलं नव्हतं.

वही मिटून ते पुन्हा तीन पायऱ्या चढले आणि बेल वाजवली. वाजवल्यावर लक्षात आलं.

"उठू नकोस," त्यांनी बाहेरून सांगितलं. "मी थांबतो, तो आला की विचारतो. उठू नकोस."

पण आत वॉकर टेकल्याचा आवाज सुरू झाला होता.