सतरावं माप

दंडावरच्या पट्ट्या फ्री साइज चालल्या असत्या. पण टेलरबाईंना त्या शब्दाचाच राग. "ढिली घसरते, घट्ट रुतते. मापं द्या, नाहीतर दुसरीकडे जा," असं पोरांना सुनावून त्यांनी एकेकाचा दंड टेपने मोजला आणि वहीत लिहिला. पट्ट्या कशासाठी, हे मात्र विचारलं नाही. म्हणजे ओठांवर आलं होतं. त्यांनी मशीन सुरू केलं.

परवा भरदुपारी तीच पोरं तोंडं बांधून, घोषणा देत बाजारात शिरली आणि 'त्या लोकांची' म्हणून चार दुकानं पेटवली. त्यात बटणवालीचं होतं. वीस वर्षं टेलरबाई तिच्याकडूनच बटणं घेत होत्या.

आज ती समोर स्टुलावर बसली होती. तिने पिशवीतून एक पट्टी काढून कटिंगच्या टेबलावर ठेवली.

"माझ्या दाराशी पडली होती. दुहेरी टीप, कोपऱ्यात उलटा टाका. इथे असं एकच माणूस शिवतं."

पट्टी एका बाजूने करपली होती, पण शिवण उसवली नव्हती. टेलरबाईंना क्षणभर बरं वाटलं, आणि मग स्वतःची शिसारी आली.

"पोलिसांकडे जाणारेस?"

"तक्रार दिलीय. ते येतील तेव्हा येतील. पुढच्या आठवड्यात मागची गल्ली पेटवणार, असं कानावर आलंय. त्याआधी आम्ही पाचजणी त्यांच्या आयांना गाठणार. पण चेहरेच दिसले नाहीत, तर घरं कुठली कळायला? तू मापाशिवाय शिवत नाहीस, बये."

टेलरबाईंनी वही पुढे सरकवली.

"पाववाल्याचा धाकटा, साडेबारा. गॅरेजवाला, चौदा. हडकुळ्या, नऊ." बटणवाली थांबली. "हा दंड आहे का मनगट?"

दोघींना हसू आलं आणि तिथेच विरलं.

"सोळा झाले. तू पट्ट्या किती शिवल्यास?"

"सतरा."

बटणवालीने पान उलटलं. कोरं. आतल्या खोलीत कॉट करकरली. कुणीतरी कूस बदलली. एक चुकून जास्तीची शिवली, असं म्हणता आलं असतं. बटणवालीने ते मानलंही असतं, आणि तेच टेलरबाईंना सोसवेना.

त्यांनी कानामागची पेन्सिल काढली. "ते माप मला लिहून ठेवावं लागत नाही," म्हणाल्या, आणि सोळाच्या खाली लिहिलं: माझा, सव्वातेरा.



"बस तू," टेलरबाई उठल्या. "त्याला उठवते. पट्टी तिथेच राहू दे, समोर."