दोघींचा एक काळा कोट

मित्रांनो, मी एक जुनी काळी पिशवी आहे, पण मला घेऊन भाजी आणायला जाऊ नका. मी जवळजवळ तुमच्या उंचीची आहे, चपटी आहे आणि माझ्या डोक्यावर हँगरचा आकडा बाहेर यायला छोटेसे भोक आहे. माझ्यात फक्त एक कोट मावतो. समारंभाचे कपडे विमानातून न चुरगळता न्यायचे, एवढेच माझे काम. ते मी एकोणीस वर्षे करत आले.

मला एका शिंपीणबाईंनी शिवले. त्यांना दोन मुली. थोरली दुभाषी झाली. मोठमोठ्या बैठकांत एकाचे बोलणे दुसऱ्याच्या भाषेत सांगायची. धाकटी चेलो वाजवायची. चेलो म्हणजे गुडघ्यांत धरून वाजवायचे, मोठ्या पोटाचे तंतुवाद्य. दोघींनाही कामावर काळा कोट लागे आणि दोघींचा बांधा तेव्हा अगदी सारखा. म्हणून आईने दोघींत मिळून एकच उंची लोकरीचा कोट शिवला, अगदी जीव ओतून. पुढे मुली दोन वेगवेगळ्या शहरांत राहायला गेल्या, तेव्हा कोटाच्या ये-जा करण्यासाठी माझा जन्म झाला.

पहिल्या प्रवासाआधी आईने दोघींना समोर बसवले.

"बाह्यांत पातळ कागद भरायचा. चेन ओढताना आतून हात धरायचा, नाहीतर अस्तर अडकतं. दुमडायचीच वेळ आली, तर मध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवायची. आणि विमानात सामानात टाकायचं नाही. हातात न्यायचं, तान्ह्या बाळासारखं."

"आई, कोट आहे गं तो!" धाकटी हसली.

"म्हणूनच सांगतेय. बाळ निदान रडतं तरी."

ती वर्षे फार छान गेली. विमानाच्या पुढच्या भागात एक अरुंद कपाट असते. हवाईसुंदरीला गोड बोलून विचारले, की ती मला तिथे टांगायची. कितीतरी वेळा मी वैमानिकाच्या कोटाला खेटून प्रवास केला आहे. उतरल्यावर न्हाणीघरात गरम पाणी सोडून कोट वाफेत टांगला, की उरलीसुरली सुरकुतीही जाई. एकदा एका बाईंनी थोरलीला विचारले, "ही पिशवी कुठल्या दुकानातली हो?" थोरली म्हणाली, "घरची आहे." तेव्हा मला कोण आनंद झाला होता!

मग आई गेली. तीनच महिन्यांनी थोरलीची आजवरची सर्वांत मोठी बैठक होती. कोट धाकटीकडे होता आणि ती स्वतःच तो घेऊन निघाली. विमान छोटे होते. पुढचे कपाट भरलेले. धाकटीने दोनदा विनवले, पण जागाच नव्हती. शेवटी तिने मला डोक्यावरच्या कप्प्यात अलगद आडवे ठेवले. तेवढ्यात एका माणसाने आपली चाकांची बॅग माझ्यावर रेटली. धाकटीने उठून ती बाजूला केली. त्याने पुन्हा रेटली. मग पट्टे बांधायचा हुकूम झाला आणि तिला बसावे लागले. त्या बॅगेच्या कडेच्या कप्प्यात फळांच्या रसाची बाटली होती. तिचे झाकण सैल होते.

थोरलीने घरी चेन उघडली. कोटाचा पार चोळामोळा झाला होता आणि पाठीवर पंजाएवढा चिकट डाग. बैठकीला दोन तास उरले होते.

"आईच्या कोटाची ही दशा? तुला कशाचीच किंमत नाही!"

"ठेव मग तुझ्याकडेच," एवढेच म्हणून धाकटी आल्या पावली परत गेली.

मित्रांनो, त्या दिवशी काय घडले ते मी डोळ्यांनी पाहिले होते. पण मला तोंड कुठे आहे?

डाग निघाला. कोट मात्र कपाटावर गेला, माझ्यासकट. चार वर्षे मी धूळ खात पडले होते. चेनीचे दात गंजले. वाढदिवसाला फोन व्हायचा. "बरी आहेस ना?" "बरी आहे." बोलणे संपले.

एका सकाळी मावशीचा फोन आला. धाकटी शनिवारी पहिल्यांदाच एकटी मंचावर वाजवणार होती. "तुला बोलली नाही होय?" मावशीने विचारले. थोरलीने फोन ठेवला. मग तिने स्टूल घेतले, मला खाली काढले, चेनीवर मेणबत्ती घासली आणि कोटाच्या बाह्यांत कागद भरायला बसली.

शनिवारच्या विमानातले कपाट याही वेळी भरलेले होते. थोरलीने मला वर ठेवले, तोच एकाने वरून पेटी रेटली.

"अहो, खाली कोट आहे!"

"बाई, सामान सगळ्यांचंच आहे."

तिने मला ओढून खाली घेतले. दोन तास ती मला मांडीवर आडवी धरून बसली होती. काही वेळाने तिचा हात माझ्यावरून फिरायचा थांबला. "असंच झालं असणार," ती स्वतःशीच पुटपुटली.

धाकटीने दार उघडले. मागे खुंटीवर दुकानातला नवाकोरा कोट टांगलेला होता.

"ताई? तू कशी काय?"

"त्या दिवशी विमानात काय झालं होतं गं?"

"चार वर्षांनी विचारतेस?"

"हो. चुकलंच माझं. आता सांग."

धाकटीने उंबऱ्यातच सगळे सांगितले. थोरली ऐकत राहिली. मग दोघी एकदम रडल्या आणि एकदमच नाक पुसायला रुमाल शोधू लागल्या.

पण कोट घातला, तर पाठीत घट्ट! इतक्या वर्षांच्या वादनाने धाकटीचे खांदे रुंद झाले होते. हात पुढे नेला, की शिवण ताणायची. अशाने चेलोच्या तारांवर गज कसा ओढणार? कार्यक्रमाला तीन तास राहिले होते.

"राहू दे ताई. नवा घालते."

"थांब जरा." थोरलीने अस्तर थोडे उसवले, आत बोट घातले आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, आईने केवढी माया ठेवलीय बघ!"

शिंपी लोक शिवणीच्या आत जास्तीचे कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे रुंद माया होती. थोरली जमिनीवर मांडी घालून बसली आणि टाके उसवून नवे घालू लागली. समोर धाकटी तेच ते सूर घोळवत राहिली. शेवटी कोट चढवून तिने गज पूर्ण ओढला. कुठेच अडकले नाही.

कार्यक्रमाला मला कोण नेणार? मी खुंटीवर होते. पण दुसऱ्या दिवशी निघताना थोरली काय म्हणाली, ते मी ऐकले. "पुढच्या महिन्यात मला लागेल. तू घेऊन ये."

"आणि पुन्हा डाग पडला तर?"

"तर आधी विचारीन, प्रवास कसा झाला."

मित्रांनो, आता माझे अस्तर विरले आहे, एका कोपऱ्याला ठिगळ आहे. तरी मी अजून उडते. माझे एवढेच मागणे आहे. विमानात वरच्या कप्प्यात आपली पेटी ढकलण्याआधी हात घालून पाहा. तिथे माझ्यासारखी एखादी पिशवी निजलेली असेल आणि तिच्यात कुणाचा तरी उद्याचा मोठा दिवस असेल. जरा सरकवून घ्या. दोघांचेही मावते.