दिपोटींचा प्रश्न

शाळा तपासणारे दिपोटी साहेब वर्षातून एकदा पोलादपुराहून आमच्या गावी येत. त्या दिवशी चौथीच्या पोरांनी पाळीपाळीने धडा वाचायचा, प्रत्येकाने एक परिच्छेद. आम्ही लबाड पोरं आधीच बोटांवर मोजून आपल्या वाट्याचा तेवढा घोकून ठेवायचो.

एकोणीसशे एकतीस साली मी तसंच मोजलं आणि पुन्हा एकदा मोजून पाहिलं. माझ्यानंतरचा, शेवटचा परिच्छेद सहदेवच्या वाट्याला येत होता. सहदेव महारवाड्यातला. बाहेर ओट्यावर बसून शिकायचा, तरी आम्हा सगळ्यांत हुशार. पास झाला तर महाडच्या शाळेत जाणार होता. त्याचं वाचन ऐकायला त्याची आई ठकूबाई लाकडाची मोळी उतरवून अंगणात उभी होती.

माझा परिच्छेद संपला तरी, पुढचा त्याच्या तोंडी येऊ नये म्हणून मी तसाच वाचत सुटलो.

"थांब. पुढचा," साहेब म्हणाले.

सहदेवला पुस्तक कोण देणार? ऐकून ऐकून पाठ झालेलं त्याने म्हणून दाखवलं. "गावाबाहेर राहणारे लोक अस्वच्छ असतात. मेलेले ढोर खाल्ल्याने त्यांची बुद्धी मंद होते." तो कुठेही अडखळला नाही. ठकूबाईने मात्र मान खाली घातली.

"पाठांतर उत्तम," साहेब म्हणाले. "असे लोक तू पाहिले असशील. एक उदाहरण दे, की झालास पास."

मास्तरांनी छडी उंबऱ्यावर आपटली. मी मनात म्हणत होतो, घे बाबा कुणाचंही नाव आणि सूट.

"असला मानूस मी नाय बघितला, साहेब."

साहेबांनी यादीवर फुली मारली. "धडा कळलेला नाही. नापास." मग ते माझ्याकडे वळले. "तू सांग."

याच सहदेवने मला नदीकाठच्या वाळूत भागाकार शिकवला होता. पण मलाही पास व्हायचं होतं, आणि उत्तर तर त्या पुस्तकाने कधीच माझ्या डोक्यात घालून ठेवलं होतं. माझं बोट अंगणाकडे गेलं. आपोआप गेलं, असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे.

"ती ठकूबाई," मी म्हणालो.

"बरोबर," साहेब म्हणाले, आणि मी चौथी पास झालो.