चकणा ड्रोमॉर्निस

मनोरमा डबा घेऊन सातिवलीच्या गाळ्यात शिरली, तेव्हा तिचा नवरा जयवंत शिडीवरून खाली उतरत होता. पक्ष्याचे डोळे नुकतेच आखून झाले होते.

खाली हितेश उभा होता. एका नव्या बागेसाठी हा फायबरचा पक्षी त्यानेच करायला सांगितला होता. ड्रोमॉर्निस. ऑस्ट्रेलियातला, लाखो वर्षांपूर्वी संपलेला, उडता न येणारा आणि डोकं पार पत्र्याला टेकेल एवढा. जन्मभर गणपती घडवलेल्या जयवंतने असलं धूड कधी केलं नव्हतं, पण एकदा धरलेलं सोडणाऱ्यातला तो नव्हे. रागसुद्धा.

तो राग निधीवर होता. एकुलत्या एका लेकीने स्वतःच्या मनाने लग्न करून कामणला संसार थाटला, तेव्हापासून घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. आता तिला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करू या, असं मनोरमाने आज सकाळी जीव मुठीत धरून बोलून दाखवलं. यावर जयवंतने काय केलं, तर चपला घातल्या आणि चालता झाला. धन्य तो माणूस!

हितेशने मान वर करून पक्ष्याकडे पाहिलं.

“काका, डावा डोळा चकणा झालाय. सरळ करून टाका ना.”

“त्याचे डोळे बघितलेत कुणी?” जयवंतने विचारलं.

“नाही. फक्त हाडंच सापडलीत.”

“मग राहू दे.”

हितेश हसला आणि फोन वाजला म्हणून बाहेर गेला. मनोरमाने सहज वर पाहिलं. डावं बुबुळ जरासं चोचीकडे झुकलेलं. निधी रुसली की अश्शीच बघायची. शाळेत पोरं तिला चकणी म्हणून चिडवायची, तेव्हा हाच बाप तरातरा भांडायला गेला होता. हात चुकला म्हणावं, तर डोळे आखताना त्याचा हात कधी हललेला तिने पाहिला नव्हता. भिंतीवरचा पोरीचा फोटो काढून टाकणाऱ्या माणसाला तो डोळा केसभरही न चुकता आठवत होता! डबा खाली ठेवायचंही तिला सुचेना.

जयवंत पाठमोरा बसून ब्रश धूत होता.

“निधीला दाखवायला आणू?” तिने विचारलं.

त्याने ब्रश झटकून बाजूला ठेवला.

“आण,” तो म्हणाला. “पण शिडीवर चढू देऊ नकोस तिला.”