जाहिरातींची पानं

मुकुंदराव सोमणांच्या घरी मंगलाबाई लग्न होऊन आल्या, तेव्हा घरात त्यांच्या आधी ठाण मांडून बसलेली एक वस्तू होती. मुकुंदरावांच्या डॉक्टर आजोबांची इंग्रजी मासिकं. एकोणीसशे सहा ते चोवीस, एकोणीस वर्षांचे अंक, वर्षाला एक याप्रमाणे सुतळीनं बांधलेले गठ्ठे. बँकेच्या पाच बदल्या झाल्या. पाचही वेळा कपबश्या फुटल्या, आरशाला तडा गेला, पण गठ्ठे मात्र सुखरूप पोचले. शेवटची बदली सुरतेत झाली आणि निवृत्तीनंतर उधन्याच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये एक अख्खं कपाट त्या गठ्ठ्यांनी बळकावलं. मंगलाबाईंची पैठणी बिचारी पेटीत राहिली.

मुकुंदराव स्वतः काही डॉक्टर नव्हते. तरी रोज दुपारी एक अंक घेऊन बसायचे. प्लेगच्या गाठी, काळा आजार, क्विनिनचे डोस, कुठल्या तरी छावणीतल्या शिपायाचा एकवीस दिवसांचा ताप. मंगलाबाईंना त्या धुळीनं शिंका यायच्या. "शंभर वर्षांपूर्वीच्या माणसांचे ताप वाचून तुम्हाला काय मिळतं हो?" असं त्या विचारायच्या. "बरा झाला का, तेवढं बघतो," असं ते म्हणायचे आणि पान उलटायचे. आजोबांच्या अंकातल्या मजकुरावर पेन्सिलीची एक रेघ मारणंही त्यांना पाप वाटायचं. मंगलाबाईंनी मात्र चाळीस वर्षांत एकही अंक उघडला नाही. हट्टच होता त्यांचा तो, दुसरं काय.

गेल्या वर्षी गणपतीत मुकुंदरावांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मंगलाबाईंनी हौसेनं पाटी आणली, वही आणली. पण एका हातानं लिहायचं तर पाटी घसरायची, वही सरकायची, आणि ते चिडून ढकलून द्यायचे. मग डोळ्यांनी कपाटाकडे खुणा करायचे. मंगलाबाई कपाळाला हात लावत आणि एक जाडजूड गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवत. तो मात्र जागचा हलायचा नाही. डाव्या मुठीत पेन्सिल धरून ते त्यावर वाकून बसायचे. जुनी सवय, बसू दे, असं मंगलाबाईंना वाटायचं.

अधूनमधून ते एखादा अंक उघडून त्यांच्यापुढे धरायचे. मंगलाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. ऑपरेशनला जायचं तर ह्यांच्यापाशी कोण बसणार, म्हणून ते राहिलं होतं. त्यांना त्या पानावर टॉनिकच्या बाटलीचं काळं चित्र तेवढं दिसायचं. "हो हो, पाहिलं," असं म्हणून त्या अंक मिटून ठेवायच्या. ते पुन्हा उघडायचे, त्या पुन्हा मिटायच्या. सात महिने असं चाललं. होळी झाली आणि चार दिवसांनी मुकुंदराव गेले.

जूनमध्ये मंगलाबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. सगळं लख्ख दिसायला लागलं आणि पहिल्यांदा दिसलं ते कपाट. ज्या वस्तूचा जन्मभर राग केला, तिच्यापुढे बसून त्या तासभर रडल्या. मग त्यांनी ठरवलं, अंक रद्दीत जाऊ द्यायचे नाहीत. वर्षश्राद्धाच्या आत एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाला ह्यांच्या नावानं द्यायचे. तशा एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या केतकीबेन गोड बोलल्या. सुटे अंक ठेवता येत नाहीत, वर्षवार बांधून दिले तर आनंदानं घेऊ, म्हणाल्या.

म्हणून गठ्ठे रिक्षातून गोडादऱ्याला दगा बोरसेकडे गेले. दगा मूळचा धुळ्याकडचा. वीस वर्षं पुस्तकबांधणी करत होता. गठ्ठे उलगडून त्यानं रिवाजाप्रमाणे विचारलं, "मावशी, पुढच्यामागच्या जाहिरातींची पानं ठेवू का काढू? बाकीचे समदे काढाले सांगतात. मासिक बांधाचं तर कव्हर काढाचं, जाहिराती काढाच्या, तशी रीतच शे."

मंगलाबाईंच्या डोळ्यांपुढे त्या बाटल्या आल्या. "काढून टाका," त्या म्हणाल्या. "मला त्या बघायच्यासुद्धा नाहीत."

पंधरा दिवसांनी काम बघायला गेल्या तर टेबलावर एकोणीस खंड ओळीनं उभे होते. तपकिरी कापड, त्यावर सोनेरी अक्षरात साल आणि खाली 'कै. मुकुंद सोमण यांच्या स्मरणार्थ'. नव्या डोळ्यांनी त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि कित्येक महिन्यांनी त्यांना बरं वाटलं.

"काका मास्तर व्हते का?" दगानं सहज विचारलं.

"बँकेत होते. का हो?"

"नाही, त्या जाहिरातीच्या पानांवर रिकाम्या जागी पेन्सिलनं मराठीत लिखेल व्हतं. लई वाकडंतिकडं. बाकी मजकुरावर एक ठिपका नाही. मला वाटलं, पोरांस्नी शिकवत असतील."

मंगलाबाई हातातल्या पिशवीसकट खाली स्टुलावर बसल्या. "कुठं आहेत ती पानं?"

दगानं खंडांकडे बोट दाखवलं. कागद जाड होता, फेकवेना. म्हणून त्याच्या पट्ट्या कापून, लई म्हणजे खळ लावून त्यानं सगळ्या खंडांच्या पाठीला आतून अस्तर दिलं होतं. वरून कापड चढवलं होतं.

"काय लिहिलं होतं?"

"मी वाचलं नाही, मावशी. वाचत बसलं तर काम कधी व्हईल?"

सात महिने हा माणूस आपल्याशी बोलत होता. आणि खोटं कशाला सांगा, मंगलाबाईंच्या मनात एक आशाही होती. मुकुंदराव तोंड भरून कधी बोलले नव्हते. एवढ्या वर्षांत कधी न सांगितलेलं काहीतरी शेवटी त्यांनी लिहून ठेवलं असेल. आपल्याविषयी असेल.

"शेवटचा फोडा. चोवीसचा."

"मावशी, बांधणी जाईल. कागद फाटंल. परत अशी बसणार नाही."

"जाऊ दे. केतकीबेनना मी काय सांगायचं ते सांगेन."

दगानं कापडाला चीर दिली. ओल्या फडक्यानं लई भिजवली आणि एकेक पट्टी हलक्या हातानं सोलून काचेवर ठेवली. एका पट्टीवर अर्धी बाटली, दुसरीवर पिचकारीची सुई, तिसरीवर बाळाच्या दुधाचा डबा. मध्ये मोठाली, कोसळत गेलेली अक्षरं. मंगलाबाई खाली वाकल्या.

'मंगल पंखा.' दुसरीवर 'पंखा कमी'. तिसरीवर 'थंडी'. चौथीवर पुन्हा 'पंखा'.

ह्यांना डास मारता येत नाही म्हणून मंगलाबाईंनी पंखा पाचावर ठेवला होता. दिवस नाही, रात्र नाही, डिसेंबरातसुद्धा नाही, एकदाही तो कमी केला नाही. केवढी काळजी घेतली होती त्यांनी. आणि मुकुंदराव डावा हात उचलून छताकडे बोट करायचे. मंगलाबाईंना वाटायचं, वर जायचं म्हणताहेत, देवाघरी. त्या रडायच्या. "असं अभद्र मनात आणायचं नाही," असं म्हणून त्यांचा हात दोन्ही हातांनी धरून खाली दाबून ठेवायच्या. तोही हात गार असायचा.

"पुढचा फोडा," त्या म्हणाल्या.

"मावशी, त्यातबी असंच निघालं तर?"

"असंच निघू दे. ते सांगत होते ना, मग ऐकायला नको?"

दगानं तेवीसचा खंड पुढे ओढला. ह्यावेळी पट्ट्या जास्त चिकटल्या होत्या, दोन फाटल्या. तिसरी अख्खी निघाली. कसल्याशा शक्तिवर्धक औषधाच्या कडेनं चार ओळींत अक्षरं होती. बाकीच्यांपेक्षा जपून काढलेली, वाचता यावीत म्हणून पुन्हापुन्हा गिरवलेली. मंगलाबाईंनी ती मोठ्यानं वाचली.

'वर म्हणजे पंखा. रडू नको.'

मग मात्र त्यांना आवरेना. दगानं समजूत घातली नाही. लई वाळायच्या आत बाकीच्या पट्ट्या काढायला हव्या होत्या, आणि तो खाली मान घालून त्या काढत राहिला.